होडी येईपर्यंत हात मांडीवर

“दाबू नका!”

मी इतक्या जोरात ओरडले की नागावच्या वळणावर रिक्षावाल्यानं ब्रेक लावला, माझा डबा पुढच्या सीटखाली घरंगळला आणि शेजारी बसलेल्या मुलाचा लॅपटॉप त्याच्याच छातीवर आपटला.

“काय... काय झालं?” त्यानं विचारलं.

“अजून काही नाही,” मी म्हणाले. “पण ते बटण दाबलंत तर काहीही होऊ शकतं. पान पुरतं उघडलेलं नाही. खाली होडी आलेली नाही!”

तो माझ्याकडे बघतच राहिला. अलिबागहून रेवदंड्याला निघालेल्या शेअर रिक्षात एखादी अनोळखी मुलगी असं काही बोलली, तर कुणीही असंच बघेल. पण माझीही बाजू ऐका. त्याच्या स्क्रीनवर आमच्या ‘खाडीकाठ’ या साइटचं आतलं पान उघडं होतं, जिथून आम्ही मजकूर बदलतो ते. ते पान साइट चालवणारे भाऊ आणि मी सोडून कुणालाच उघडता येत नव्हतं. आणि हा चष्मेवाला, कपाळावर केस आलेला इसम त्यात खुशाल ‘सेव्ह’ दाबायला निघाला होता.

“तुम्ही चोर आहात का?” मी विचारलं.

“चोर ‘हो’ म्हणेल का?”

“म्हणजे आहात!”

तो हसला. डबा सीटखालून काढून, फुंकर मारून त्यानं माझ्या हातात दिला. “मी सुश्रुत. श्रीवर्धनचा. भाऊंनी मला साइट दुरुस्त करायला बोलावलंय. आणि तुम्ही प्राप्ती असणार. भाऊ म्हणाले होते, एक मुलगी भेटेल... ती आधी घाबरेल, मग बोलेल.”

भाऊंचं हे असं असतं. माझी ओळख करून द्यायची तर बी.ए. झाली आहे, शुद्धलेखन चांगलं आहे, असं सांगता आलं असतं. पण नाही, सगळ्या तालुक्याला पहिल्यांदा काय कळायला हवं, तर मी भित्री आहे!

आहे मी भित्री. विंचवाला घाबरते, इंजेक्शनला घाबरते, फोन वाजला की दचकते. सगळ्यात जास्त घाबरते ती दर्याला. मी शाळेत असताना बाबांची होडी एकदा रात्रभर परत आली नव्हती. आई आणि मी सकाळपर्यंत जेट्टीवर बसून होतो. बाबा हसत परतले, इंजिन बंद पडलं होतं एवढंच. पण त्या रात्रीची भीती नंतर कधी पूर्ण गेली नाही. कोळ्याच्या घरातली मुलगी असून मी होडीत पाय ठेवत नाही. दर्याचं काम मी कोरड्या जमिनीवर, खुर्चीत बसून करते.

भाऊ म्हणजे आमचे निवृत्त मास्तर. त्यांनी हौसेनं ‘खाडीकाठ’ सुरू केलं. त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा असतात, मांडव्याहून सुटणाऱ्या बोटी असतात, बाजारात काय मासळी आली ते असतं. आणि सगळ्यात वर एक पट्टी असते, ‘आजचा दर्या’. साळावपासून कोर्लईपर्यंतचे लहान होडीवाले निघताना ती पट्टी वाचतात. ती मी लिहिते. म्हणजे एवढ्या लोकांच्या जिवाची काळजी भाऊंनी रेवदंड्यातल्या सगळ्यात भित्र्या मुलीवर सोपवली आहे. मला वाटतं, मुद्दामच.

आता होडीचं सांगते. आमचं पान उघडायला इतका वेळ घ्यायचं की तेवढ्यात चहा व्हायचा. आधी रकाने दिसायचे, मग त्यांतला मजकूर, मग फोटो, आणि सगळ्यात शेवटी, अगदी तळाशी, भाऊंनी स्वतः काढलेलं एका होडीचं चित्र. एकदा भाऊंनी घाई केली. पान अर्धवट उघडलेलं असतानाच मांडव्याच्या नव्या वेळा लिहून टाकल्या. मागून पानाचा जुना मजकूर उतरला आणि भाऊंचं लिहिलेलं गिळून बसला. दुसऱ्या दिवशी बोट चुकलेली माणसं भाऊंच्या दारात! तेव्हापासून आमच्या ऑफिसात नियम झाला. पान उघडायला लावायचं आणि होडी येईपर्यंत हात मांडीवर ठेवायचे. “होडी आली का गं?” असं भाऊ आतल्या खोलीतून विचारायचे. मी “आली” म्हटलं की मगच कीबोर्डला हात लागायचा.

सुश्रुतनं ऑफिसात हा सोहळा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता.

“तुम्ही हे दिवसातून किती वेळा करता?”

“जितक्या वेळा काही बदलायचं असेल तितक्या वेळा.”

“आणि तेवढा वेळ नुसतं बसून काय करता?”

“घाबरते,” मी खरं ते सांगितलं.

“आणि सेव्ह झाल्यावर?”

“दुसऱ्या फोनवर उघडून बघते. खरंच गेलं का ते. मग... पुन्हा एकदा बघते.”

त्यानं चष्मा काढून पुसला. हसू लपवायचं असलं की तो चष्मा पुसतो, हे मला पुढे कळलं. “प्राप्ती, तुमच्या ऑफिसचं काम माणसं करत नाहीत. ते एक चाक करतं, वर गोल गोल फिरणारं. तुम्ही दोघं त्याचे नोकर आहात.”

मला राग यायला हवा होता. पण त्याचं बोलणं असं काही सावकाश होतं... मी होडीची वाट बघत असताना तोही माझ्या खुर्चीमागे उभा राहून वाट बघायला लागला. रोजच. काम नसतानाही. त्या वेळात मग आम्ही बोलायचो. त्याच्या घरची सुपारीची बाग, त्याची आई, मासे न खाणारं घर. माझे बाबा, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, जो माझ्या ओढणीला येतो अशी मला कायमची भीती.

“येतो,” तो म्हणाला.

“काय?”

“वास. मला आवडतो.”

त्या दिवशी होडी कधी येऊन गेली ते मला कळलंच नाही. भाऊंनी आतून विचारलं तेव्हा मी “कुठली?” म्हणाले आणि भाऊ खोकले.

आपण एखाद्या माणसाची वाट बघायला लागलो आहोत, हे कळल्यावर मला काय वाटलं असेल? भीतीच वाटली. तो काम संपवून श्रीवर्धनला परत जाईल याची. त्याच्या घरी माझ्या घरातला पापलेटचा रस्सा कसा चालेल याची. आणि मी मनातलं बोलले आणि तो चष्मा पुसायला लागला तर, याची सगळ्यात जास्त.

दिवाळी झाली आणि त्याचं काम पुरं झालं.

“बघ,” तो म्हणाला. एव्हाना आम्ही अगं-अरेवर आलो होतो. “उघड पान.”

मी उघडलं आणि हात मांडीवर ठेवले. ठेवेपर्यंतच पान समोर! रकाने, चौकटी, आणि तळाशी होडी, डौलात उभी.

“संपला तुझा नियम,” तो म्हणाला. “चौकटी, चित्रं आता इथंच साठवून ठेवलीत, ती आधी येतात; मजकूर दुरून येतो, तो मागून. माणसाला ताटकळत बसायला नको. आता एक वचन दे. सेव्ह केलं की पुन्हा बघायचं नाही. दुसऱ्या फोनवर नाही, तिसऱ्या फोनवर नाही. एवढ्या भीतीत कुणी जगतं का, प्राप्ती?”

त्यानं हात पुढे केला. मी त्यावर हात ठेवला. तो लगेच सोडायला हवा होता, दोघांपैकी कुणीच सोडला नाही. आणि मला खरंच हलकं वाटलं. होडी दिसली की लिहायचं, सेव्ह करायचं, उठायचं. काही दिवस सगळं सुरळीत चाललं.

मग एका दुपारी बाबा ऑफिसात आले. माझ्या बाबांना माणूस एका नजरेत कळतो, आणि त्यांनी ती नजर सुश्रुतवर टाकली.

“पोरा, दर्याच्या काठचा हायस ना? होडीत बसलायस कवा?”

“नाही, काका. आमची बाग...”

“बाग ऱ्हाऊ दे. चल आज. कोर्लईच्या पुढं जाळी टाकू, तिन्हीसांजेला परत. माझी पोर तर येत न्हाय, भितरी हाय.”

सुश्रुतनं माझ्याकडे पाहिलं. मला ‘नको’ म्हणायचं होतं. पण भित्री म्हणून आधीच एवढी प्रसिद्ध झालेली मी... मी म्हणाले, “जा की. दर्या शांत आहे. पट्टी मीच लिहिलीय सकाळी.”

तो जाताना दारात थांबला. “परत आलो की तुझ्याशी बोलायचंय.”

“काय?”

“परत आलो की.”

ते निघून गेले. ऊन लख्ख होतं आणि मी एकटीच हसत बसले होते.

थोड्या वेळानं भाऊंचा फोन वाजला. त्यांचा मावसभाऊ मोठ्या ट्रॉलरवर असतो, तो बोलत होता. बाहेर दर्यात वारा फिरला होता, दक्षिणेकडून अचानक उठला होता, लाटा वाढत होत्या आणि सगळं आमच्या बाजूला सरकत होतं. भाऊंनी तोंडावर हात ठेवला.

“प्राप्ती, पट्टी बदल! लगेच!”

मी पान उघडलं. खिडकीबाहेर नारळाच्या झावळ्या हलायला लागल्या होत्या आणि नेटचा जीव अगदी बारीक झाला होता. पण होडी आली. तळाशी, नेहमीसारखी, झटकन. मी हात मांडीवर ठेवलेच नाहीत. वर पट्टीची चौकट रिकामी दिसली. मला वाटलं, बरं झालं, जुनं पुसायचे श्रम वाचले. मी लिहिलं, ‘वारा फिरला आहे. होड्यांनी बाहेर जाऊ नये. गेलेल्यांनी ताबडतोब परतावं.’

“टाकलंस का गं?” फोन कानाला लावूनच भाऊ ओरडले.

“टाकतेय!” मी मान वळवून म्हणाले आणि तसंच सेव्ह दाबलं. हिरवी खूण आली.

मी बाबांना फोन लावला. तो आईनं उचलला. “अगं, फोन घरीच हाय त्यांचा. खारं पानी लागतंय म्हनून नेतच न्हायत, तुला ठाव न्हाय?” सुश्रुतला लावला. तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. पुन्हा लावला. बाहेरच.

तो पान बघेल, मी स्वतःला समजावलं. खाडीच्या तोंडाशी रेंज येते-जाते. बघेल आणि फिरवतील होडी. मी लिहिलंय ना. हिरवी खूण आली ना.

भीती मात्र काही ऐकेना. दुसरा फोन टेबलावरच पडला होता. वचन दिलं होतं मी, हातावर हात ठेवून. मी फोन उलटा करून ठेवला. खिडकी धाडकन आपटली. मी फोन सरळ केला आणि पान उघडलं.

‘आजचा दर्या – शांत. होड्यांना हरकत नाही.’

मी डोळे मिटले, उघडले. तेच होतं.

चौकट रिकामी नव्हतीच! जुना मजकूर तेव्हा अजून वाटेत होता. मंद नेटमधून तो मागून हळूच उतरला, माझ्या शब्दांवर बसला, आणि मी मान वळवून त्यालाच सेव्ह केलं. होडी आधी आली होती, मजकूर मागून आला होता. आमच्या ऑफिसातली खूणच सुश्रुतनं नकळत उलटी करून ठेवली होती; पान झटकन येतं म्हटल्यावर त्या खुणेची गरजच उरली नाही, असं त्याला वाटलं होतं.

मी पुन्हा पान उघडलं. हात मांडीवर. आता कशाची वाट बघायची तेही ठरत नव्हतं, होडी तर खोटं बोलत होती. जुनी ओळ चौकटीत उतरेपर्यंत मी तशीच बसून राहिले. तेवढ्या वेळात मी काय काय पाहिलं ते लिहवत नाही. मग ती पुसली, नवी लिहिली, वाचली, सेव्ह केलं, दुसऱ्या फोनवर बघितलं, आणि जेट्टीकडे पळत सुटले.

जेट्टीवर वाळत घातलेली मासळी बायका भराभर गोळा करत होत्या. दर्या काळवंडला होता. कोर्लईच्या टेकडीखाली पांढरा फेस दिसत होता आणि त्याच्या पुढे काहीच दिसत नव्हतं. आई आली. माझ्याशेजारी बसली, बाबांची होडी रात्रभर आली नव्हती तेव्हा बसली होती तशीच. तिनं माझा हात धरला तेव्हा कळलं, तिचाही गार पडला होता.

माझ्या मनात एकच घोळत होतं. सुश्रुत माझं पान बघणार. माझ्यावर विश्वास ठेवणार. ‘प्राप्तीनं लिहिलंय, शांत आहे,’ असं बाबांना सांगणार, आणि बाबा होडी पुढे काढणार. त्या दोघांना मीच पुढे धाडलं होतं.

“आली!” कुणीतरी ओरडलं.

फेसातून एक होडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. तिच्यामागे आणखी दोन. पहिलीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, हिरवा पट्टा होता, बाबांचा. आई उठून उभी राहिली. मी बसल्या जागेवरूनच होडीतली डोकी मोजली.

बाबांनी दोर फेकला. त्यांच्यामागून सुश्रुत उतरला. नखशिखांत भिजलेला, ओठ निळे, चष्मा गायब.

“तू... पान बघितलं नाहीस?” मी विचारलं.

“बघितलं,” तो दात वाजवत म्हणाला. “खाडीच्या तोंडाशी. ‘शांत’ लिहिलं होतं.”

“मग परत कसे आलात?”

“खाली लिहिलं होतं, ‘शेवटचा बदल – आत्ताच – प्राप्ती’. आणि वर शब्द न् शब्द सकाळचाच.” तो श्वास घ्यायला थांबला. “मी म्हटलं, ही मुलगी उगाच सेव्ह दाबणारी नाही. तिनं काहीतरी बदललंय आणि माझ्या पानानं ते खाल्लंय. ‘शांत’ बदलून ती दुसरं काय लिहिणार? तुला फोन लावेपर्यंत रेंज गेली. मग काकांना म्हटलं, होडी फिरवा.”

“मी म्हटलं, कागदावर शांत हाय की रे!” बाबा म्हणाले. “तर हा म्हनतो, काका, तुमची पोर घाबरलीय. मला दिसतंय. मंग काय, फिरवली. वाटेत त्या दोघांना पन हाका घातल्या.” बाबांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला. “बरं हाय, घाबरट हायस ते.”

मी रडायला लागले. सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं. सुश्रुत माझ्यासमोर उकिडवा बसला.

“पण ती खालची बारीक ओळ... ती कोण वाचतं?” मी हुंदक्यांतून विचारलं. “आम्हीसुद्धा वाचत नाही.”

“मी वाचतो.” त्याला चष्मा पुसायचा होता, पण चष्मा दर्यात गेला होता. मग तो तसाच, उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत म्हणाला, “दिवसातून कितीदा तरी उघडतो ते पान. मला भरती-ओहोटीशी काय करायचंय? तुझं नाव दिसतं... म्हणून.”

आई मासळीची टोपली उचलून उगाचच दुसरीकडे निघून गेली.

“तुला दिलेलं वचन मोडलं मी,” मी म्हणाले. “पुन्हा बघितलं.”

“चुकीचं वचन मागितलं होतं. तू दोनदा बघ, दहादा बघ. मी शेजारी बसून बघू देईन.”

पुढचा आठवडाभर तो ऑफिसात मान खाली घालून बसला होता. मग एका सकाळी त्यानं लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. नवा चष्मा त्याच्या नाकावरून घसरत होता.

“होडी पुन्हा शेवटी आणलीय,” तो म्हणाला. “आणि ती येईपर्यंत चौकटीला कुलूप. घाई केली तरी अक्षर उमटणार नाही. चाचणीसाठी एक ओळ टाकलीय. उघड.”

मी पान उघडलं. हात मांडीवर. चाक फिरायला लागलं. रकाने आले. मग चौकटीत सावकाश अक्षरं उतरली – ‘प्राप्ती, आयुष्यभर माझं...’ – आणि नेट अडकलं.

चाक फिरतच होतं. मी कीबोर्डवर बोट ठेवलं, दाबलं, पुन्हा दाबलं. अक्षर उमटेना, कुलूप पक्कं होतं.

“हो,” मी तोंडानंच म्हणाले.

“अगं... पान पुरतं उघडलं नाहीये!” तो गडबडला. “होडी यायचीय. आणि तू! तू होडीआधी बोलतेस? पुढं काय लिहिलंय ते तरी बघ. ‘माझं लाइट बिल भर’ असं असलं तर?”

“तरी हो.”

आतून भाऊ ओरडले, “होडी आली का गं?”

ओळ हळूच पुढे सरकली – ‘...लिहिलेलं दोनदा तपासशील का?’ – आणि मग तळाशी भाऊंची होडी आली.

भीती वाटत होतीच. श्रीवर्धनच्या त्याच्या आईची वाटत होती, पापलेटच्या रश्श्याची वाटत होती, दर्याची तर वाटतेच. मी ती ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली. तेच लिहिलं होतं. मग मी हात मांडीवरून उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला.

“आली, भाऊ,” मी म्हणाले.